यूट्यूब चॅनलचे जाहिरात उत्पन्न

यूट्यूब चॅनलचे जाहिरात उत्पन्न म्हणजे यूट्यूबवरील व्हिडिओंच्या आधी, मध्ये किंवा शेवटी दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या पैशातून चॅनलच्या मालकाला मिळणारा वाटा होय. हा वाटा मिळण्यासाठी चॅनलला 'यूट्यूब पार्टनर प्रोग्राम' या योजनेत प्रवेश मिळवावा लागतो. या प्रवेशाला व्यवहारात 'मॉनेटायझेशन' किंवा 'चॅनल मॉनेटाइझ होणे' असे म्हणतात. प्रवेशासाठी सबस्क्रायबरांची संख्या आणि व्हिडिओ पाहिले गेल्याचा कालावधी यांची किमान मर्यादा ठरलेली आहे. ती पूर्ण झाल्यावर चॅनलची तपासणी होते आणि तीत मान्यता मिळाल्यानंतरच उत्पन्न सुरू होते. व्हिडिओवर जाहिरात दिसणे आणि त्या जाहिरातीचे पैसे व्हिडिओ बनवणाऱ्याला मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

इतिहास

यूट्यूबची स्थापना २००५ मध्ये अमेरिकेत झाली आणि २००६ मध्ये गूगल कंपनीने ते विकत घेतले. २००७ मध्ये पार्टनर प्रोग्राम सुरू झाला. आरंभी त्यात निवडक निर्मात्यांनाच स्थान होते. पुढे तो सर्वसामान्य निर्मात्यांसाठी खुला झाला. यूट्यूबची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली.

२०१७ मध्ये अतिरेकी आणि द्वेषमूलक व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसत असल्याचे लक्षात आल्यावर अनेक मोठ्या कंपन्यांनी यूट्यूबवरील जाहिराती थांबवल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, चॅनलला एकूण १०,००० व्ह्यूज मिळाल्याखेरीज जाहिराती लावता येणार नाहीत, असा नियम झाला. जानेवारी २०१८ मध्ये हा नियम बदलून मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचा पाहण्याचा कालावधी आणि १,००० सबस्क्रायबर अशी दुहेरी अट जाहीर करण्यात आली. २० फेब्रुवारी २०१८ पासून ती जुन्या चॅनलांनाही लागू झाली. या बदलाचा फटका बसलेल्या चॅनलांपैकी ९९ टक्के चॅनलांची वार्षिक कमाई १०० डॉलरपेक्षा कमी होती, असे कंपनीने त्या वेळी सांगितले. तरीही नव्याने सुरू झालेल्या अनेक लहान चॅनलांचे उत्पन्न एका दिवसात बंद झाले.

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स' हा लघु व्हिडिओंचा प्रकार प्रथम भारतातच प्रायोगिक स्वरूपात आणला. १ फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सच्या जाहिरातींतही निर्मात्यांना वाटा मिळू लागला. जून २०२३ मध्ये प्रवेशाची एक खालची पायरी काही देशांत सुरू करण्यात आली आणि नंतर ती इतर देशांतही लागू झाली.

पात्रता

पार्टनर प्रोग्रामच्या दोन पायऱ्या आहेत.

पहिल्या पायरीसाठी ५०० सबस्क्रायबर, मागील ९० दिवसांत किमान ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि पुढीलपैकी एक अट पूर्ण असावी लागते: मागील १२ महिन्यांत ३,००० तास पाहण्याचा कालावधी, किंवा मागील ९० दिवसांत शॉर्ट्सना ३० लाख व्ह्यूज. या पायरीवर प्रेक्षकांकडून थेट मिळणारे साहाय्य, सशुल्क सदस्यत्व अशा सोयी मिळतात. जाहिरातींचा वाटा मिळत नाही.

दुसऱ्या पायरीसाठी १,००० सबस्क्रायबर आणि पुढीलपैकी एक अट पूर्ण असावी लागते: मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहण्याचा कालावधी, किंवा मागील ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. जाहिरात उत्पन्न या पायरीपासून सुरू होते.

यांशिवाय चॅनलवर नियमभंगाची कारवाई चालू नसावी, खात्याला द्विस्तरीय सुरक्षा असावी आणि निर्मात्याचे राहण्याचे ठिकाण योजना लागू असलेल्या देशात असावे, अशा अटी आहेत. पैसे मिळवण्यासाठीचे खाते १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या नावे लागते. निर्माता अल्पवयीन असल्यास पालकाचे खाते जोडता येते.

तासांचा हिशेब

४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रत्येक प्रेक्षकाने व्हिडिओ सरासरी ४ मिनिटे पाहिला, तर ही अट पूर्ण होण्यास ६०,००० व्ह्यूज लागतात. सरासरी २ मिनिटेच पाहिला, तर १,२०,००० लागतात. म्हणून व्ह्यूजच्या संख्येइतकेच व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला याला महत्त्व असते. शॉर्ट्सच्या मार्गाने ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज मिळवायचे, तर रोज सरासरी १,११,००० पेक्षा अधिक व्ह्यूज लागतात.

'मागील १२ महिने' ही मुदत दररोज पुढे सरकते. आषाढी वारीच्या काळात एखाद्या चॅनलला २,५०० तास मिळाले आणि उरलेले १,५०० तास पुढील आषाढीपर्यंत मिळाले नाहीत, तर आधीचे २,५०० तास हळूहळू हिशेबातून वगळले जातात. हंगामी विषयांच्या चॅनलांची प्रगती पुढे जाऊन पुन्हा मागे आलेली दिसते, ती यामुळे. कंपनीची चूक झाली असा समज अशा वेळी होतो. प्रत्यक्षात जुने दिवस मुदतीबाहेर गेलेले असतात.

पुढील कालावधी ४,००० तासांत धरला जात नाही:

- खाजगी, दुवा असणाऱ्यांनाच दिसणारे आणि काढून टाकलेले व्हिडिओ
- पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतून मिळालेला कालावधी
- शॉर्ट्सच्या प्रवाहात पाहिलेल्या शॉर्ट्सचा कालावधी

अर्ज आणि तपासणी

अट पूर्ण झाल्यावर निर्मात्याने 'यूट्यूब स्टुडिओ'तील कमाईच्या विभागातून अर्ज करावयाचा असतो. त्यात योजनेच्या अटी मान्य करणे, 'अ‍ॅडसेन्स फॉर यूट्यूब' खाते जोडणे आणि तपासणीची वाट पाहणे असे तीन टप्पे असतात. तपासणीला साधारणतः एक महिना लागतो.

तपासणीत सर्वच व्हिडिओ पाहिले जातात असे नाही. चॅनलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले व्हिडिओ, अलीकडचे व्हिडिओ, ज्यांच्यामुळे जास्त तास मिळाले ते व्हिडिओ, शीर्षके, लघुचित्रे आणि चॅनलची माहिती यांवर भर दिला जातो. दुसऱ्याचे व्हिडिओ जसेच्या तसे पुन्हा टाकणे आणि एकाच साच्यातील व्हिडिओ मोठ्या संख्येने तयार करणे ही नकाराची प्रमुख कारणे आहेत. या दुसऱ्या प्रकाराला पूर्वी 'पुनरावृत्तीचा आशय' म्हटले जाई. १५ जुलै २०२५ पासून त्या नियमाचे नाव बदलून 'अप्रामाणिक आशय' या अर्थाचे करण्यात आले. दुसऱ्याच्या व्हिडिओचा भाग घेऊन त्यावर स्वतःचे विवेचन किंवा समीक्षण केले असेल, तर तो आशय अपात्र ठरतोच असे नाही.

नकार मिळाल्यास २१ दिवसांच्या आत अपील करता येते. अपील न करता दोष दूर करून नवा अर्ज करावयाचा असल्यास पहिल्या नकारानंतर ३० दिवस आणि त्यापुढील नकारांनंतर ९० दिवस थांबावे लागते.

प्रवेश मिळाल्यानंतर सबस्क्रायबर किंवा तास मर्यादेखाली गेले म्हणून मान्यता आपोआप रद्द होत नाही. मात्र ६ महिने किंवा त्याहून अधिक काळ चॅनलवर काहीच प्रसिद्ध न झाल्यास ती काढून घेण्याचा अधिकार कंपनीकडे आहे.

मॉनेटायझेशनची खात्री करणे

चॅनलच्या मालकाला आपली स्थिती यूट्यूब स्टुडिओमध्ये दिसते. प्रवेशापूर्वी तेथे सबस्क्रायबर आणि तास यांची प्रगती दिसते, अर्जानंतर तपासणीचा टप्पा दिसतो आणि मान्यतेनंतर उत्पन्नाचे आकडे दिसू लागतात. प्रत्येक व्हिडिओसमोर डॉलरचे चिन्ह असते. ते हिरवे असल्यास जाहिराती चालू आहेत असा अर्थ होतो. पिवळे असल्यास आशय बहुतेक जाहिरातदारांना योग्य वाटणार नाही असे ठरवले गेले आहे आणि जाहिराती मर्यादित आहेत किंवा मुळीच नाहीत, असा अर्थ होतो. हा निर्णय बहुधा संगणकीय यंत्रणा घेते. निर्मात्याला मानवी तपासणीची मागणी करता येते.

बाहेरच्या व्यक्तीला दुसऱ्याच्या चॅनलबाबत अशी खात्री करण्याचा अधिकृत मार्ग नाही. व्हिडिओवर जाहिरात दिसली म्हणजे चॅनल मॉनेटाइझ झाले आहे, हा सर्वत्र आढळणारा समज चुकीचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबने सेवाशर्तींत बदल करून, योजनेत नसलेल्या चॅनलांच्या व्हिडिओंवरही जाहिराती दाखवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. हा बदल आधी अमेरिकेत आणि २०२१ मध्ये इतर देशांत लागू झाला. अशा जाहिरातींचा कोणताही वाटा निर्मात्याला मिळत नाही. व्हिडिओवर कोणी स्वामित्वहक्काचा दावा केला असल्यास जाहिरात दिसते, परंतु पैसे दावेदाराकडे जातात. उलटपक्षी, मान्यताप्राप्त चॅनलच्या व्हिडिओवर त्या प्रेक्षकाला त्या वेळी जाहिरात दिसेलच असेही नाही. सशुल्क 'प्रीमियम' सदस्यांना जाहिराती दिसत नाहीत. त्यांच्या शुल्कातून निर्मात्याला वेगळा वाटा मिळतो.

चॅनलचे नाव टाकताच मॉनेटायझेशन किंवा मासिक कमाई सांगणारी अनेक संकेतस्थळे आहेत. ती पानावरील सार्वजनिक माहितीवरून तर्क करतात. खरे उत्पन्न चॅनलच्या मालकाला आणि कंपनीलाच माहीत असते. चॅनल विकत देण्याघेण्याच्या व्यवहारांत अशा संकेतस्थळांवरील आकडे पुरावा म्हणून दाखवले जातात. ते पुरावा ठरत नाहीत.

उत्पन्नाची विभागणी

लांब व्हिडिओंवरील जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नापैकी ५५ टक्के निर्मात्याला आणि ४५ टक्के यूट्यूबला मिळतात. शॉर्ट्सच्या बाबतीत जाहिरातींचे पैसे एकत्र केले जातात, संगीताचा हिस्सा बाजूला काढला जातो आणि व्ह्यूजच्या प्रमाणात निर्मात्याच्या नावे येणाऱ्या रकमेपैकी ४५ टक्के त्याला मिळतात. ८ मिनिटे किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओच्या मध्येही जाहिराती लावता येतात.

उत्पन्न मोजण्यासाठी दोन संज्ञा वापरल्या जातात. 'सीपीएम' म्हणजे जाहिरात १,००० वेळा दाखवण्यासाठी जाहिरातदाराने मोजलेली रक्कम. 'आरपीएम' म्हणजे यूट्यूबचा हिस्सा वजा जाता १,००० व्ह्यूजमागे निर्मात्याला मिळालेली रक्कम. आरपीएममध्ये जाहिरात न दिसलेले व्ह्यूजही धरले जात असल्याने तो आकडा बराच कमी असतो. उदाहरणादाखल, आरपीएम अर्धा डॉलर मानल्यास १ लाख व्ह्यूजमागे ५० डॉलर मिळतील.

आरपीएम प्रेक्षकांचा देश, भाषा, विषय आणि ऋतू यांनुसार बदलतो. जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते. त्यामुळे ज्या प्रेक्षकवर्गासाठी अधिक जाहिरातदार बोली लावतात, त्याचा दर चढा असतो. दिवाळीच्या सुमारास मागणी वाढते. मुलांसाठी बनवलेल्या व्हिडिओंवर, जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या नियमांमुळे, प्रेक्षकाच्या आवडीनुसार निवडलेल्या जाहिराती दाखवता येत नाहीत आणि त्यांचे उत्पन्न सामान्यतः घटते.

रक्कम हाती येणे

उत्पन्न १० डॉलर झाल्यावर अ‍ॅडसेन्सकडून निर्मात्याच्या पत्त्यावर साध्या टपालाने सहा अंकी पिन क्रमांक पाठवला जातो. तो चार महिन्यांत खात्यात नोंदवावा लागतो. ग्रामीण भागात अनेकदा घर क्रमांक आणि रस्त्याचे नाव नसते. अशा वेळी पत्त्यात गाव, टपाल कार्यालय, तालुका, जिल्हा आणि टपालाचा पिन कोड अचूक असणे आवश्यक ठरते. मागील महिन्याचे अंतिम उत्पन्न पुढील महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान खात्यात दिसते. एकूण रक्कम १०० डॉलर झाली असल्यास ती २१ ते २६ तारखेदरम्यान बँकेकडे पाठवली जाते. न झाल्यास ती पुढील महिन्यात जमा होत राहते.

२०२१ पासून अमेरिकेबाहेरील निर्मात्यांनाही अमेरिकी कराची माहिती भरावी लागते. कर अमेरिकेतील प्रेक्षकांपासून झालेल्या उत्पन्नावर कापला जातो. समजा, भारतातील निर्मात्याला एका महिन्यात १,००० डॉलर मिळाले आणि त्यांपैकी १०० डॉलर अमेरिकी प्रेक्षकांमुळे मिळाले. माहिती भरून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ घेतल्यास १५ टक्के दराने १५ डॉलर कापले जातात. माहिती भरलीच नाही, तर संपूर्ण रकमेवर २४ टक्के, म्हणजे २४० डॉलर कापले जाऊ शकतात. हे उत्पन्न भारतातही प्राप्तिकरास पात्र आहे. अमेरिकेत कापलेल्या कराची वजावट विहित अर्ज भरून येथील करातून मागता येते.

स्वामित्वहक्क आणि अन्य कायदे

यूट्यूबची 'कंटेंट आयडी' यंत्रणा प्रत्येक व्हिडिओतील ध्वनी आणि चित्र नोंदणीकृत साहित्याशी ताडून पाहते. साम्य आढळल्यास हक्कधारक व्हिडिओ रोखू शकतो किंवा त्याचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो. दाव्याला पाच दिवसांच्या आत आव्हान दिल्यास, निकाल लागेपर्यंत पहिल्या दिवसापासूनची रक्कम राखून ठेवली जाते.

मराठी भक्तिसंगीताच्या चॅनलांना हा भेद नीट समजून घ्यावा लागतो. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्यकृती सर्वांसाठी मुक्त होते. त्यामुळे संत तुकारामांच्या अभंगांच्या शब्दांवर कोणाचाही हक्क नाही. मात्र एखाद्या गायकाने गायलेल्या त्याच अभंगाच्या ध्वनिमुद्रणावर, ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे स्वतंत्र हक्क असतो. अलीकडे बांधलेल्या चालीवरही संगीतकाराचा हक्क असू शकतो. अभंग स्वतः पारंपरिक चालीत गाऊन टाकणे आणि कंपनीची ध्वनिफीत पार्श्वभूमीला लावणे या कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

निसर्ग आणि भटकंती या विषयांच्या चॅनलांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. अभयारण्यात छायाचित्रण किंवा चित्रीकरण करण्यासाठी कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीची तरतूद आहे. धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यासारख्या, देवस्थान आणि वनक्षेत्र लगत असलेल्या ठिकाणी मंदिराचे दर्शन सर्वांना खुले असले तरी वनक्षेत्रातील चित्रीकरणाला हे नियम लागू असतात.

मराठी चॅनल

मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत राहत असताना 'मधुराज रेसिपी' हे चॅनल सुरू केले. पुढे त्यांचे मराठी पाककृतींचे चॅनल लोकप्रिय झाले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'भारतीय डिजिटल पार्टी' अर्थात 'भाडिपा'ने मराठी विनोदी मालिकांना शहरी प्रेक्षक मिळवून दिला. 'गावाकडच्या गोष्टी' आणि बारामती तालुक्यातील 'चांडाळ चौकडीच्या करामती' या मालिकांनी ग्रामीण जीवन आणि ग्रामीण बोली यूट्यूबवर आणली. सांगली जिल्ह्यातील संतोष जाधव यांचे 'इंडियन फार्मर' हे चॅनल शेतीविषयक माहिती देते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांनी २०२० मध्ये, वयाच्या सत्तरीच्या सुमारास, नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे पाककृतींचे चॅनल सुरू केले आणि ते अल्पावधीत लाखो सबस्क्रायबरांपर्यंत पोहोचले. ऑक्टोबर २०२० मध्ये हे चॅनल हॅक झाले. काही दिवसांनी ते परत मिळाले. चॅनल हे उत्पन्नाचे साधन झाल्यावर त्याची सुरक्षा घरातील दागदागिन्यांइतकीच महत्त्वाची ठरते, याचे हे उदाहरण मानले जाते.

फसवणुकीचे प्रकार

सबस्क्रायबर किंवा तास विकत देण्याच्या जाहिराती समाजमाध्यमांवर सर्रास आढळतात. असे आकडे घेणे, परस्परांना सबस्क्राइब करण्याचे गट चालवणे आणि स्वतःच्या व्हिडिओवरील जाहिरातींवर मुद्दाम क्लिक करणे हे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. कंपनी असे आकडे वजा करते आणि त्यामुळे चॅनल किंवा अ‍ॅडसेन्स खाते बंदही होऊ शकते.

प्रायोजकत्वाच्या नावाखाली ई-मेल पाठवून, सोबतच्या फाइलमधून खात्याचा ताबा मिळवणे हा चॅनल चोरीचा प्रचलित मार्ग आहे. 'पैसे भरा, मॉनेटायझेशन करून देतो' असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहणे इष्ट. पार्टनर प्रोग्रामच्या अर्जासाठी यूट्यूब कोणतेही शुल्क घेत नाही. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवता येते.

आर्थिक महत्त्व आणि टीका

मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या 'वेव्ह्ज' परिषदेत यूट्यूबचे मुख्य कार्यकारी अधिकारी नील मोहन यांनी सांगितले, की मागील तीन वर्षांत भारतातील निर्माते, कलाकार आणि माध्यम कंपन्यांना मिळून २१,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम देण्यात आली. त्याच वेळी त्यांनी, मागील वर्षभरात भारतातील १० कोटींहून अधिक चॅनलांनी आशय प्रसिद्ध केला आणि त्यांपैकी १५,००० हून अधिक चॅनलांना १० लाखांपेक्षा जास्त सबस्क्रायबर आहेत, असेही सांगितले. या रकमेत मोठ्या संगीत आणि दूरचित्रवाणी कंपन्यांचाही समावेश असल्याने तिला चॅनलांच्या संख्येने भागून सरासरी काढणे योग्य ठरत नाही. तथापि १० कोटी आणि १५,००० या दोन आकड्यांतील अंतरावरून या व्यवसायाचे विषम स्वरूप लक्षात येते.

प्रवेशाची मर्यादा लहान निर्मात्यांना जाचक आहे, पिवळ्या चिन्हाची कारणे स्पष्ट सांगितली जात नाहीत आणि योजनेबाहेरील चॅनलांवरील जाहिरातींचे सर्व उत्पन्न कंपनी स्वतःकडे ठेवते, असे आक्षेप या पद्धतीवर घेतले जातात. जाहिरातदारांचा विश्वास टिकवण्यासाठी आणि बनावट चॅनल रोखण्यासाठी या अटी आवश्यक आहेत, अशी कंपनीची भूमिका आहे. जाहिरात उत्पन्न दरमहा बदलते आणि नियमही वेळोवेळी बदलतात. त्यामुळे अनेक निर्माते प्रायोजकत्व, स्वतःची उत्पादने, प्रत्यक्ष कार्यक्रम अशा अन्य मार्गांची जोड देतात.